ठोकळ्यांवरची गाडी

दादा गेला तेव्हा त्याचा छोटा ट्रक घराशेजारच्या मोकळ्या जागेत मागून उचललेला उभा होता. चासीखाली दोन्ही बाजूंना साल वृक्षाच्या लाकडाचे जाड ठोकळे होते आणि मागची चाकं जमिनीपासून वीतभर वर होती. मागच्या चाकांमधले ब्रेकचे सिलिंडर गळत होते, ते काढून त्यानं नवे बसवले होते. नळ्या जोडून झाल्या होत्या. तेल भरून नळ्यांमधली हवा काढायची तेवढी राहिली होती. दुपारी तो हात धुऊन आत आला, छातीत कसंतरी होतंय म्हणाला, आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर त्या गाडीला कुणी हात लावला नाही. पाना बंपरवर होता तो बंपरवरच राहिला. गाडीखाली अंथरलेलं पोतं थंडीतल्या दवानं रोज ओलं व्हायचं आणि दुपारपर्यंत वाळायचं. हात लावू नका असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या बाजूनं थोडा वळसा घालून जायचा.

दादा संरक्षण खात्याच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात होता. आमचे वडीलही तिथलेच. मीच एकटा पुस्तकांकडे गेलो आणि एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. निवृत्त झाल्यावर दादानं हा जुना ट्रक घेतला. शहराच्या कडेला रिछाईतल्या एका शेडमध्ये लोखंडी पलंग आणि कपाटं बनतात, ती तो जंगलापलीकडच्या कुंडम गावातल्या दुकानांत पोचवायचा. वहिनी त्याच्यासोबत जायची. पहिल्यांदा सोबत म्हणून, मग हिशेब आणि दुकानदारांशी बोलणं तिच्याकडे आलं, आणि मग एके दिवशी त्यानं तिला स्टिअरिंगवर बसवलं. तिनं रीतसर लायसन्स काढलं. जाताना माल भरलेला असला की तो चालवायचा, येताना गाडी रिकामी असली की ती. कुंडमचे दुकानदार तिला दीदी म्हणत आणि दादाला दीदीचा ड्रायव्हर म्हणून चिडवत. त्याला ते आवडायचं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. वहिनीचे भाऊ मात्र नागपूरहून आले होते ते राहिले. मनाचा चांगला माणूस, पण रिकामं बसणं त्यांना जमत नाही. त्यांनी गाडीसाठी शहरातल्या ओमतीकडचं एक गिऱ्हाईक शोधून काढलं होतं आणि तो माणूस रविवारी गाडी पाहायला येणार होता. वहिनी त्यावर हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिचं सगळं बोलणं त्या दिवसांत असंच अर्ध्यावर राही. सव्वा महिना होईपर्यंत बाईनं उंबऱ्याबाहेर जायचं नाही ही आमच्याकडची रीत. ती समोरच्या खोलीत सतरंजीवर बसायची, येणाऱ्या बायका तिच्याजवळ बसून रडायच्या आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची.

एका सकाळी तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. भाऊ आंघोळीला गेले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, मला गाडी नाही विकायची. मी चालवीन. रस्ता माहीत आहे, दुकानं माहीत आहेत. पण ब्रेक तसेच पडून आहेत अन् कोणी मला खरं सांगून नाही राहिलं. सगळे धीरच देऊन राहिले. तुम्ही पाहा. तुम्ही म्हणाल ब्रेक बरोबर आहे, तर ठेवते. नाहीतर भाऊला हो म्हणते."

मी म्हणालो, मला त्यातलं काय कळतं.

"तुम्हाला नाही कळत म्हणूनच," ती म्हणाली. "कळणारे म्हणतात, होऊन जाते. तुम्ही माझं मन राखायला काही सांगू नका. एवढंच."

मी हो म्हणालो. कुंडमच्या रस्त्यावर जंगलातून जाणारे लांब उतार आहेत, आणि पलंग-कपाटांनी भरलेली गाडी त्या उतारांवर मागून ढकलत असते. तिला नेमकी कशाची खातरी हवी होती ते मला समजत होतं. मी ती कशी देणार होतो, ते समजत नव्हतं.

त्याच दुपारी दादाचे दोन जुने सोबती दुखवट्याला बसायला आले. दोघंही कारखान्यातून त्याच्या आधी निवृत्त झालेले, त्याच्याहून वयानं मोठे. एक गाड्या जोडण्याच्या विभागात होते, त्यांना आम्ही लहानपणापासून असेंब्लीवाले काका म्हणायचो. दुसरे तयार झालेल्या गाड्या तपासायचे, ते इन्स्पेक्शनवाले काका. एकानं जोडलेलं दुसऱ्यानं नापास करायचं, असा त्यांचा आयुष्यभराचा धंदा होता आणि त्यावर त्यांची मैत्री उभी होती.

बसायला आलेल्या माणसांना बोलायला काही नसतं. दोघं भिंतीला टेकून बसले. आमच्याकडे चहा विचारायचा नसतो, त्यांनीही मागायचा नसतो. खिडकीतून गाडीचा मागचा भाग दिसत होता. असेंब्लीवाले काका तिकडे पाहत होते, आणि मला दिसलं की त्यांचं पाहणं बदललं आहे. ते ठोकळे पाहत होते, मग चाक, मग चाकामागची नळी. शेवटी त्यांनी विचारलं, हवा काढायची राहिली का. मी हो म्हणालो. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. ती सतरंजीवरून म्हणाली, "काढा न काका." आणि दोघं एकदम उठले, जणू कुणीतरी त्यांना त्या खोलीतून सोडवलं होतं.

ब्रेकची हवा काढणं हे दोन माणसांचं काम आहे. एक वर बसून पेडल दाबतो. दुसरा खाली आडवा होऊन चाकाच्या मागचं निपल, म्हणजे बारीक तोटीसारखा स्क्रू, पान्यानं उघडतो. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवतात. पेडल दाबलं की तेल येतं आणि तेलाबरोबर बुडबुडे. निपल बंद होईपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर गेलेली हवा परत आत. बुडबुडे थांबले की ते चाक झालं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून नळीत हवा राहिली की पेडल मऊ लागतं आणि पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. हे सगळं मला असेंब्लीवाल्या काकांनी पोत्यावर पडल्या पडल्या सांगितलं.

गाडी खाली उतरवावी का, असा प्रश्न कुणी काढलाच नाही. ती त्यानं उचलून ठेवलेली होती. वहिनीचे भाऊ ठोकळ्यांपाशी आले तर इन्स्पेक्शनवाले काका त्यांना म्हणाले, राहू द्या, त्यानं ठेवलंय तसंच राहू द्या. ते त्यांनी इतक्या हळू सांगितलं की भाऊ मागे सरकले. खाली सरकायला जागाही चांगली होती. आम्ही तसंच काम सुरू केलं.

मला पेडलवर बसवलं. खालून आवाज यायचा, दाबा, धरा, सोडा. मी दाबायचो, धरायचो, सोडायचो. एकदा मी घाईनं पाय उचलला तर खालून आवाज आला, "पुस्तकवाले, पान संपेपर्यंत उलटायचं नाही." किती दिवसांनी कुणीतरी माझी थट्टा केली होती. मला बरं वाटलं आणि लगेच आपल्याला बरं कसं वाटतंय असंही वाटलं.

चारही चाकं झाली. पेडल दाबून पाहिलं. थोडंसं खाली गेलं आणि दगडावर पाय ठेवावा तसं थांबलं. इन्स्पेक्शनवाल्या काकांनी वर चढून स्वतः दाबलं आणि "पास" म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून सहसा निघत नाही, असं असेंब्लीवाले म्हणाले. मग जॅक लावून, एकेक ठोकळा काढून गाडी खाली घेतली. ठोकळे काढताना वहिनी दारात उभी होती. मी परत वर बसलो आणि दाबलं.

पाय खाली गेला. ओल्या उशीत जावा तसा. दुसऱ्यांदा दाबलं तर थोडा वर लागला, पण तळाशी तोच मऊपणा.

मी दाराकडे पाहिलं. वहिनी माझ्या तोंडाकडेच पाहत होती. मी मान हलवली.

त्या संध्याकाळी काका लोक तसेच निघून गेले. दुःखाच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत, त्यामुळे ते परत येणार की नाही ते कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात उतरायच्या आत दोघं हजर होते, आणि असेंब्लीवाल्या काकांनी जुनी पँट घातली होती.

त्या दिवशी त्यांनी एकेक शक्यता काढली. लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून धरणाऱ्या पट्ट्या, ड्रमपासून लांब असतील तर पहिल्यांदा पेडल खाली जातं, दुसऱ्यांदा वर येतं. म्हणून त्यांनी चारही चाकांचे लायनर जवळ घेतले. पेडल थोडं उंच झालं, मऊपणा गेला नाही. मग मला पाय दाबून धरायला सांगितलं. धरलेला पाय हळूहळू खाली बसत गेला तर मुख्य सिलिंडर आतल्या आत तेल सोडतो आहे असं समजायचं. मी धरून बसलो. समोरच्या काचेतून शेजारच्या घराच्या गच्चीवरचे पापड दिसत होते. पाय बसला नाही. मग रबरी नळी दाबाखाली फुगते का, ते इन्स्पेक्शनवाल्या काकांनी एकेक नळी मुठीत धरून पाहिलं. नाही फुगत. कुठे तेलाचा ओलावा नाही.

"म्हणजे हवाच राहिली आहे," इन्स्पेक्शनवाले म्हणाले. "काढणाऱ्यानं नीट नाही काढली."

"तीस वर्षं तू मला हेच म्हणत आला."

"तीस वर्षं तू हेच करत आला."

परत गाडी उचलली. ठोकळे कुठे लावायचे याची खूण चासीच्या चिखलात अजून होती. त्यानं लावले होते तिथेच लावा, असं वहिनी दारातून म्हणाली आणि आम्ही अगदी त्याच खुणेवर लावले. पुन्हा दाबा, धरा, सोडा. मागच्या चाकांतून फार थोडं तेल आलं, पण आलं ते स्वच्छ आलं. पेडल पुन्हा दगडासारखं झालं. गाडी खाली घेतली. पुन्हा उशी.

आता सगळे थकले होते. वहिनीचे भाऊ म्हणाले, उद्या तो माणूस येतोच आहे, त्याचा मेकॅनिक पाहून घेईल. असेंब्लीवाले काका हात पुसत होते. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दोन बार पेडल मारलं की ब्रेक लागते. जुन्या गाड्या अशाच चालतात. रस्त्यावर निघेल न, तर बसून जाईल आपोआप." त्यांनी ते वहिनीला ऐकू जावं म्हणून म्हटलं होतं, आणि त्यात फसवण्याचा विचार कणभरही नव्हता. दोन दिवस त्या माणसानं थंड जमिनीवर पाठ टेकली होती. त्याला तिच्या हातात काहीतरी ठेवून जायचं होतं.

वहिनीनं मला विचारलं, "भाऊजी?"

गेले काही दिवस मी प्रत्येकाला ठीक आहे असंच सांगत आलो होतो. फोनवर, दारात, स्मशानातून परतताना. ठीक आहे, चाललंय, होईल सगळं. ते शब्द बोलायला सोपे असतात, कारण त्यांच्यावर कुणी वजन टाकत नाही. इथे ती टाकणार होती. मी काकांकडे पाहू शकलो नाही, तिच्याकडे पाहून म्हणालो, नाही. अजून मऊ आहे.

काकांनी फडकं बंपरवर ठेवलं. इन्स्पेक्शनवाले काका पहिल्यांदाच आपल्या मित्राच्या बाजूनं उभे राहिले आणि मला म्हणाले की मास्तर, पायाची सवय नसली की सगळंच मऊ लागतं. ते दोघं गेले. वहिनी आत जाऊन सतरंजीवर बसली.

मी गाडीत बसून राहिलो. संध्याकाळचं ऊन काचेवर होतं. सीटचा दादाच्या बाजूचा भाग खोलगट झालेला आहे, त्यात मी नीट मावत नव्हतो. मला एखादी गोष्ट कळली नाही की ती लिहून काढायची सवय आहे. तिथे कागद नव्हता, म्हणून मनातल्या मनात मांडून पाहिलं. तेल तेच. नळ्या त्याच. पाय माझाच. उचललेली असताना कडक, उतरवली की मऊ. दोन्ही वेळा तसंच. बदलत होती ती एकच गोष्ट, आणि ती आमच्यापैकी कुणीच कारणांमध्ये धरली नव्हती. ठोकळ्यांचा ब्रेकशी काय संबंध, हे मला माहीत नव्हतं. पण संबंध नाही हेही मला माहीत नव्हतं.

आत जाऊन मी वहिनीला विचारलं की दादा हवा काढायचा तेव्हा गाडी कशी असायची.

"कशी म्हणजे?"

उचललेली असायची का.

ती विचारात पडली. मग हळूहळू म्हणाली, "नाही. चाकावर उभी असायची. माल उतरवायच्या आधीच काढायचे कधी कधी. ते खाली सरपटत जायचे, कुरकुर करायचे, की पोट अडते म्हणून. मी वर असायची."

"वर म्हणजे?"

"पेडलवर. अजून कुठे? दर वेळी मीच तर दाबायची."

दोन दिवस आम्ही चौघं पुरुष त्या गाडीभोवती फिरत होतो. ती दारात उभी होती, आणि तिला त्रास नको म्हणून तिला काही विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी विचारलं, मग आता का उचलली होती त्यानं.

"मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश बदलायचे होते न. हवा काढायला नाही उचलली. बुश झाले होते, आता उतरवणार होते, मग हवा. तुम्ही सगळे म्हणाले तसंच राहू द्या, म्हणून मीही म्हटलं तसंच राहू द्या."

मी असेंब्लीवाल्या काकांना फोन केला. मी उचललेली कडक, उतरवलेली मऊ असं सांगितलं तेव्हा म्हणाले, परत सांग. परत सांगितलं. अच्छा, म्हणाले, आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी ते आले ते सरळ गाडीखाली गेले. इन्स्पेक्शनवाले काका मोबाइलचा टॉर्च धरून बाजूला वाकले. मग असेंब्लीवाले काका म्हणाले, "इकडे ये. हा दांडा पाहून राहिला का तू?"

मीही वाकून पाहिलं. मागच्या आक्सलपासून एक बारीक लोखंडी दांडा वर चासीकडे गेला होता आणि तिथे मुठीएवढ्या एका डबीला जोडलेला होता. मागच्या ब्रेकची नळी त्या डबीतून जात होती. काका पडल्या पडल्याच सांगू लागले. गाडीत माल असला की चासी खाली बसते, दांडा वर ढकलला जातो आणि डबी मागच्या चाकांना पूर्ण तेल सोडते. गाडी रिकामी असली की कमी सोडते, कारण रिकाम्या गाडीची मागची चाकं एकदम धरली तर ती घसरते. आणि चासी ठोकळ्यांवर उचलून आक्सल खाली लोंबकळत ठेवला, तर डबीला वाटतं की गाडी रिकाम्याहूनही रिकामी आहे. ती मागची वाट जवळजवळ बंद करते. मागे थोडंसंच तेल येत होतं ते त्यामुळे. हवा तशीच अडकून होती. वाट बंद म्हणून वर पेडल कडक लागायचं, गाडी उतरवली की वाट उघडायची आणि पाय त्या हवेवर पडायचा.

"आपल्या वेळच्या गाड्यांना हे नव्हतं," असेंब्लीवाले काका म्हणाले.

"पास मी केली होती," इन्स्पेक्शनवाले म्हणाले. त्या दिवशी भांडण एवढंच झालं.

मागे वजन हवं होतं. अंगणात विटा होत्या, त्या भरल्या. तरी कमी वाटलं म्हणून काकांनी वहिनीच्या भावांना वर चढून बसायला सांगितलं. ते चढले. गाडी विकायला निघालेला माणूस विटांवर मफलर बांधून बसला आणि बसल्या बसल्या फोनवर गिऱ्हाइकाला सांगू लागला की दुपारी या, सकाळी जरा काम चालू आहे.

मी पेडलवर बसायला निघालो तर वहिनी उंबऱ्यावर उभी होती. तिनं चपला घातल्या होत्या. भावांनी वरून ते पाहिलं. सव्वा महिना व्हायला अजून अवकाश होता. ते काही म्हणणार होते, त्यांनी फोन कानापासून बाजूलाही केला होता. वहिनी त्यांच्याकडे न पाहता पायरी उतरली, अंगण ओलांडून आली आणि माझ्या हाताला हलकासा स्पर्श करून म्हणाली, "सरका, भाऊजी." मी सरकलो. तिनं दांडीला धरलं आणि सवयीनं वर चढली. त्या खोलगट सीटवर ती पुढच्या कडेला, सरळ बसली. इन्स्पेक्शनवाले काका चष्मा पुसत राहिले.

खालून आवाज आला, "दाबा." पहिल्यापेक्षा जरा हळू. तिनं दाबलं.

"धरा" म्हणायची वेळ आलीच नाही. ती धरूनच होती. निपल बंद झाल्याचं तिला पायातून कळत असावं, कारण काकांनी सोडा म्हणायच्या आत तिचा पाय उठायचा, आणि तो बरोबर वेळेलाच उठायचा. दोन-चार वेळा असं झाल्यावर काकांनी सांगणं सोडून दिलं. मी बाटली धरून होतो. नळीतून आधी तेल आलं, मग बुडबुड्यांची लांब रांग, मग मोठे, आळशी बुडबुडे, एकामागून एक. दोन दिवस आम्ही ज्यांना शोधत होतो ते हे. फक्त पान्याचा आवाज आणि वर सीटची करकर येत होती. डावं चाक झालं, उजवं झालं, मग पुन्हा डावं. शेवटी नळीत नुसतं तेल राहिलं, कोऱ्या चहासारखं स्वच्छ.

काका बाहेर आले. त्यांच्या केसांत माती होती. वहिनीनं एकदा पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. ती म्हणाली, विटा राहू द्या, आणि भाऊ, तू उतर. मग मला म्हणाली, "बसा."

मी तिच्या शेजारच्या सीटवर बसलो. ही तिची जागा होती. पायाशी पाण्याची बाटली आणि एक घडी केलेली शाल होती, ती मी मांडीवर घेतली. वहिनीनं गाडी सुरू केली, फाटकातून बाहेर काढली. गल्लीत दोन बायका दारात उभ्या होत्या, त्यांनी पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. वहिनीनं त्यांना मान लवून नमस्कार केला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिनं कुंडमची दिशा घेतली.

शहर मागे पडलं. रस्त्याच्या कडेला मोहाची झाडं लागली. गाडी विटांमुळे बसकी, जड चालत होती. ती पहिल्या उताराच्या डोक्यावर थांबली नाही, वेगही कमी केला नाही. उतार पुढे लांब गेला होता आणि मध्येच खाली एक बैलगाडी आडवी वळत होती. मी दरवाज्याची कड घट्ट धरली. वहिनीनं पाय ब्रेकवर ठेवला, हळूच दाबला, आणि गाडी सगळीच्या सगळी, मागच्या विटांसकट, एका जागी येऊन उभी राहिली. विटा एकमेकींवर सरकल्याचा आवाज आला. बैलगाडीवाल्यानं मागे वळून पाहिलं आणि सावकाश पलीकडे गेला.

ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. ब्रेक लागतो आहे हे तिचं तिला कळलं होतं, त्यात शंका नव्हती. तरी तिनं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, सीटवर एका बाजूला सरकली आणि म्हणाली, "आता तुम्ही दाबा. अन् सांगा."

मी पलीकडून पाय लांब करून पेडल दाबलं. ते थोडं खाली गेलं आणि थांबलं. मी आणखी जोर लावून पाहिला. मग पाय सोडला, पुन्हा दाबला, धरून ठेवला. मला घाई नव्हती आणि तीही वाट पाहत होती. तिला काय हवंय ते मला माहीत होतं, म्हणून मी पुरेसा वेळ घेतला.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"अच्छा," ती म्हणाली. पदरानं डोळे पुसले, सीटवर नीट बसली आणि फोन काढून भावाला सांगितलं की त्या माणसाला येऊ नको म्हण.